आबांचा मिल्कशेक

लोणावळ्याजवळ हायवेला लागून एक मोठा फूड मॉल आहे. तिथल्या मिल्कशेकनं माझी फजिती केली, तीही बायको आणि मुलीच्या देखत. कागदी ग्लास, वर प्लास्टिकचं घुमटासारखं झाकण आणि त्यात खुपसलेली कागदाची नळी. मी नळी तोंडात धरून ओढली. काही आलं नाही. जोर लावला. गाल आत गेले, कानात दडे बसले, डोळ्यांत पाणी आलं, शेक मात्र जागचा हलला नाही. शेवटी नळीच मधोमध चपटी झाली.

"बाबा, तुम्ही माशासारखे दिसताय," मुलगी म्हणाली.

"अहो, सोडा आता," बायको म्हणाली, "परवाच बसवलेली दाताची कॅप निघून यायची."

मी ग्लास घेऊन तणतणत काउंटरवर गेलो. तिथल्या मुलीनं माझं सगळं ऐकून घेतलं, झाकण काढलं आणि ग्लास माझ्यासमोर सरळ उलटा धरला. एक थेंब पडला नाही. "सर, हीच तर आमच्या शेकची खासियत आहे."

"मग प्यायचा कसा?"

"चमचा देऊ?"

प्यायची वस्तू चमच्यानं खाऊन मी घरी आलो आणि पुढं कितीतरी दिवस हा किस्सा शाळेच्या स्टाफरूममध्ये गाल आत ओढून, साभिनय सांगत राहिलो. चांगला हशा यायचा. आता सांगत नाही.

त्या दिवाळीनंतर आबांच्या अंगावरून वारं गेलं. आबा म्हणजे माझे वडील. मी तळेगावात शिक्षक, पण आई आणि आबा गावाकडं. पवनानगरच्या पुढं, धरणाच्या काठावर आमची वाडी आहे. भाताची खाचरं, चार म्हशी. आबा सकाळी गोठ्यात शेणाची पाटी उचलायला वाकले आणि तिथंच बसले. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. तळेगावच्या दवाखान्यात दोन आठवडे काढल्यावर पाय थोडा उचलायला लागले, दोन-चार शब्द फुटायला लागले, आणि आम्हाला वाटलं, सुटलो.

तेव्हा गिळण्याची तपासणी करणाऱ्या बाईंनी मला समोर बसवलं. वयानं माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा होत्या.

"सर, आजोबांना पाणी द्यायचं नाही."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "पाणी?"

"पाणी, चहा, दूध, ताक, डाळीचं वरचं पाणी. पातळ काहीच नाही. त्यांचा घसा वेळेवर मिटत नाही. पातळ पदार्थ भर्रकन जातो आणि श्वासनळीत उतरतो. तिथून फुप्फुसात. मग न्यूमोनिया." त्या थांबल्या आणि बोट वर करून म्हणाल्या, "आणि खोकला आला तर कळेलच, असं धरून चालू नका. काही जणांना खोकलाच येत नाही. गुपचूप जातं."

त्यांनी एक पावडर दिली. पाण्यात घालून ढवळली की पाणी घट्ट होतं. चमचा कलता केल्यावर मधासारखं सावकाश खाली पडलं पाहिजे, ही खूण. एक छापील कागदही दिला. मी तो त्यांच्यासमोर वाचला, मान डोलावली, चार घड्या घालून खिशात ठेवला.

"आणि पोटात पुरेसं गेलं नाही, तर मग नाकातून नळी घालावी लागेल," त्या म्हणाल्या.

पलीकडच्या खाटेवर आबा ऐकत होते. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला तशी नळी होती. तो ती उपसून काढतो म्हणून त्याचे दोन्ही हात पट्टीनं खाटेला बांधलेले असायचे. दोन आठवडे आबांनी ते बघितलं होतं. त्यांनी डावा हात उचलला, स्वतःच्या नाकाला लावला आणि माझ्याकडं बघून मान हलवली. नाही. दोनदा. मी म्हटलं, "नाही घालू देणार, आबा." शब्द द्यायला माझं काय जातंय. मास्तर माणूस, बोलून मोकळा झालो.

आबांना वाडीवर आणलं. ओट्यावर खाट टाकली, कारण घरात त्यांचा जीव गुदमरायचा. ओट्यावरून समोर अख्खं धरण दिसतं. डिसेंबरात ते काठोकाठ असतं. काठाला माझ्या चुलतभावाचे पर्यटकांसाठीचे तंबू. इतकं पाणी डोळ्यांसमोर ठेवून तो माणूस दिवसभर एकच शब्द म्हणायचा. "पानी."

आई पावडर कालवायची. गुठळ्या राहू नयेत म्हणून ताक घुसळावं तशी रवीनं घुसळायची. आबा एक चमचा घ्यायचे आणि तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर सोडायचे.

"खळ हाय," ते म्हणायचे.

"आवो, खळ न्हाई, पानीच हाय. घ्या जरा."

"भित्तीला... लाव."

त्या दिवसांत आबांनी केलेला हा एकमेव विनोद. आई हसली, आणि मग वाटी घेऊन आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

आमच्याकडं माणसानं पायरीवर पाऊल ठेवलं की आधी तांब्या पुढं येतो, मग नाव-गाव विचारलं जातं. आता आबांना बघायला येणाऱ्यांना ओट्यावर पाणी कसं देणार? आई पाहुण्याला डोळ्यानं खुणावायची आणि मागं गोठ्यात न्यायची. चांगली शहाणीसुरती माणसं म्हशींच्या आडोशाला उभं राहून, लपूनछपून दारू प्यावी तशी घटाघटा पाणी प्यायची आणि मिशा पुसून निर्व्याज चेहऱ्यानं परत ओट्यावर यायची. आबा त्यांच्या ओल्या मिशांकडं बघत बसायचे.

दीड महिन्यात आबांचे खांदे सदऱ्यातून खुंटीसारखे वर आले. लघवी गडद झाली. तपासणीला नेलं तेव्हा बाई म्हणाल्या, "सर, पंधरा दिवस बघू. नाहीतर नळीला पर्याय नाही."

त्याच आठवड्यात आमच्या वर्गाची सहल लोहगडावर होती. परत येताना मुलांना शेक पाहिजे होता, म्हणून त्याच फूड मॉलवर थांबलो. काउंटरवर तीच मुलगी होती, आणि कुणाच्या तरी नाकासमोर तिनं तसाच ग्लास उलटा धरला. एक थेंब पडला नाही.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चमचा कलता केल्यावर सावकाश पडलं पाहिजे? अरे, हा तर उलटा करूनही पडत नाही! मधापेक्षा घट्ट. शिवाय दूध, साखर, ताकद. आणि खळीसारखा लागत नाही. इतकी साधी गोष्ट दवाखान्यातल्या कुणाला कशी सुचली नाही, याचं मला नवल वाटलं. स्वतःचं कौतुक करायला मला एरवी कारण लागत नाही. इथं तर होतं.

पुढच्या रविवारी थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरून दोन शेक घेतले आणि घाट उतरून वाडीवर गेलो. आबांना उशीला टेकवून बसवलं. चमचा भरला, सगळ्यांना दिसेल असा कलता केला. हललं नाही. जादूगारासारखं मी आजूबाजूला बघितलं. मग तो त्यांच्या तोंडात घातला.

आबांचे डोळे मिटले. थंडीनं असेल. गळ्याची घाटी एकदा वर गेली, खाली आली. आम्ही सगळे त्या घाटीकडं बघत होतो. खोकला नाही. ठसका नाही.

"आनि," आबा म्हणाले.

दीड महिन्यात हा शब्द आम्ही ऐकला नव्हता. अख्खा ग्लास संपवायला पाऊण तास लागला. शेवटी शेवटी मी भरवत होतो की रडत होतो, मलाच कळत नव्हतं.

आईनं ग्लासाच्या काठाला राहिलेलं बोटावर घेतलं आणि तळहाताच्या मागच्या बाजूला ठेवलं. चाळीस वर्षं तिनं डेअरीला दूध घातलंय. दुधात पाणी आहे का, हे ती थेंब हातावर ठेवून सांगते. ती त्या गोळ्याकडं बघत राहिली.

"पानी होतंय रं ह्याचं," ती म्हणाली. "हातावर बघ. पळाया लागलं."

"आई, ते म्हशीचं दूध नाहीये. कंपनीचं असतं. त्यात घट्ट राहायला सगळं घातलेलं असतं."

"व्हय का," ती म्हणाली आणि हात पदराला पुसला.

नंतरचे दिवस आमच्या घरात सणाचे होते. चुलतभाऊ तंबूवाल्या पर्यटकांना आणायला रोज लोणावळ्याला जायचाच. येताना खोकं घेऊन यायचा आणि लांबूनच ओरडायचा, "दादा न्हाई का आज? आबा, तुमचं टॉनिक आलं बगा!" आबा डावा हात वर करायचे. चॉकलेटचा जास्त आवडायचा, स्ट्रॉबेरीला तोंड वाकडं करायचे. वाडीतल्या बायका बघायला यायच्या. "मावशी, नशीब काढलंस," आईला म्हणायच्या, "ल्योक असावा तर असा." आई काही बोलायची नाही. मला वाटायचं, भरून येत असेल.

लघवी साफ झाली. गाल जरा वर आले. तपासणीच्या दिवशी परीक्षेची कामं होती, म्हणून मी फोनवरूनच बाईंना सांगितलं, "उत्तम चाललंय, पोटात भरपूर जातंय." त्या म्हणाल्या, "छान, पावडर चालू ठेवा." मी "हो" म्हणालो. शेकचं सांगितलं नाही. वाटलं, पुढच्या वेळी आबांना समोर बसवूनच चकित करू.

मार्चच्या शेवटी आईचा फोन आला. मी पेपर तपासत होतो.

"निसतं निजून ऱ्हात्यात. अंग कोमट लागतंय."

"खोकला?"

"न्हाई रं. खोकला कुटला."

"मग उन्हाचं असेल. शेक घेतला का?"

"घेतला. पन गिळाया लय येळ लावला."

पेपर दोन दिवसांत द्यायचे होते. मी दोन दिवसांनी गेलो. आबांचा श्वास ओट्याच्या पायरीवरूनच ऐकू येत होता.

दवाखान्यात एक्स-रे झाला. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा होता. डॉक्टरांनी विचारलं, पाणी दिलं होतं का? मी छातीठोकपणे सांगितलं, थेंबही नाही. मग त्या बाई आल्या. त्यांनी विचारलं, "मग रोज काय देत होता?"

मी सगळं सांगितलं. उलटा ग्लास, बर्फाचं खोकं, कलता चमचा. सांगताना माझ्या आवाजात थोडा अभिमान होता, हे लिहिताना लाज वाटते, पण होता. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर हळूच विचारलं, "सर, तो तोंडात गेल्यावर काय होतं त्याचं?"

मी तेवीस वर्षं विज्ञान शिकवतोय. पदार्थाच्या अवस्था हा धडा तर मी पुस्तक न उघडता घेतो. बर्फाचा खडा तळहातावर ठेवून मुलांना विचारतो, बघा, आता याचं काय होणार?

"वितळतं," मी म्हणालो.

"हो," त्या म्हणाल्या. "चमच्यात घट्ट असतो. गळ्यापर्यंत पोचेतो पातळ. मी कागदावर दिलं होतं ना लिहून."

खिशात, पाकिटात, गाडीत शोधलं. गाडीच्या कप्प्यात सापडला. चार घड्या तशाच होत्या. मी वाचलेली बाजू वर होती: पावडर किती, ढवळायचं किती, चमच्याची खूण. कागद पलटला. मागच्या बाजूला, ठळक अक्षरात, काय देऊ नये याची यादी होती. आइस्क्रीम. कुल्फी. बर्फाचा गोळा. मिल्कशेक. तोंडात वितळून पातळ होणारे सर्व पदार्थ.

दर परीक्षेला पेपर वाटून झाले की मी वर्गात ओरडतो, "प्रश्नपत्रिका उलटून बघा रे, मागच्या बाजूलाही प्रश्न असतात!" एक तरी मूल दरवर्षी मागची बाजू सोडून येतं आणि मी त्याला सगळ्यांसमोर बोलतो. खूप बोलतो.

त्या संध्याकाळी आबांच्या नाकातून नळी घातली. घालताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. डाव्या हाताला पट्टी बांधली ती नर्सनं. गाठ घट्ट झाली आहे का, हे तिनं मला तपासायला सांगितलं, आणि मी तपासली.

बाहेर बाकावर आई बसली होती. मी शेजारी बसलो. म्हटलं, "आई, माझ्यामुळं झालं. तू म्हणाली होतीस."

ती म्हणाली, "म्या रोज बगत हुते. रोज हातावर घ्यायचे. रोज पानी व्हायचं."

"मग बोलली का नाहीस परत?"

"तू शिकलेला." मग म्हणाली, "आनि ते खात हुते रं. कसं न्हाई म्हनू? दोन म्हयनं न्हाई न्हाईच म्हनत हुते मी त्येंला."

कुणीतरी नातेवाईक आले, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "लय केलंस रं बाबा बापाचं. रोज लोनावळ्यावरनं आनायचास म्हनं." मी मान हलवली. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण ते तोवर आईशी बोलायला वळले होते.

ताप उतरला, पण पहिल्यासारखं काही झालं नाही. आबांचे दोन-चार शब्द होते तेही गेले. घरी आणलं ते नळीसकट. आता दिवसातून सहा वेळा पिचकारीनं पाणी, दूध, पेज थेट पोटात. मोजून, वेळेवर, पुरेसं. बाई म्हणाल्या, "आता काळजी नाही, शरीराला पाणी कमी पडणार नाही." खरंच कमी पडलं नाही. फक्त ते जिभेला न लागता जायचं.

एका दुपारी आई गोठ्यात असताना मी त्यांच्या हाताची पट्टी सोडली आणि म्हणालो, "आबा, मी कागद नीट वाचला नव्हता. चूक माझी होती." त्यांना कळलं. डोळे माझ्यावर होते. डावा हात थोडासा उचलून त्यांनी झटकला. जाऊ दे म्हणाले की जा म्हणाले, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आबा त्यानंतर पाच महिने होते. शनिवार-रविवार आणि सुट्टीत मी वाडीवर असायचो आणि सकाळी त्यांचं तोंड स्वच्छ करायचं काम माझ्याकडं होतं. नळी असली की तोंड कोरडं पडतं, जिभेवर पापुद्रे येतात. कापसाचा बोळा पाण्यात बुडवायचा, घट्ट पिळायचा, पाणी टिपकत नाही ना बघायचं, मग हिरड्या, गाल, जीभ पुसायची. हे सगळं मी कागदावरून केलं. दोन्ही बाजू वाचून.

ऑगस्टमधल्या एका सकाळी मी बोळा जिभेवरून फिरवला आणि आबांनी तोंड मिटलं. बोळा दातांत धरला. माझी दोन बोटंही त्यातच. जोर नव्हता, सहज सोडवता आली असती.

"आबा, सोडा."

त्यांनी सोडलं नाही. गाल आत गेले. ते चोखत होते.

"आबा, तो पिळलेला आहे. त्यात काही नाही. सोडा."

आई तांब्या घेऊन बाजूला उभी होती. त्या तांब्यात पाणी होतं आणि ते आबांनाही दिसत होतं. मी आईकडं बघितलं. तिनं तांब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. बोळा परत बुडवायचा आणि या वेळी पिळायचा नाही, एवढंच करायचं होतं. ती विचारत होती. आणि या वेळी ती माझ्या शिक्षणाला विचारत होती की मला, हे मला समजेना.

मी मान हलवली. नाही.

आईनं तांब्या खाली ठेवला, आबांना दिसणार नाही असा, खाटेखाली. मी बोटं काढून घेतली नाहीत. कापूस कधीच कोरडा झाला होता. आबा चोखत राहिले.